मेस्त्री, अभियंता आणि मेकॅट्रॉनिक्स : लष्कर मोहल्ल्यातून पाहिलेला हस्तशिक्षणाचा इतिहास

म्हैसूर शहराचे जुने भाग मोहल्ल्यांच्या नावांनी ओळखले जातात. देवराज मोहल्ला, मंडी मोहल्ला, कृष्णराज मोहल्ला, नझरबाद मोहल्ला आणि लष्कर मोहल्ला. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या शहरात काही महिने राहण्याचा योग आला तेव्हा प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड लष्कर मोहल्ल्यात, अशोक रस्त्यापासून थोड्या अंतरावर होते. १९३३ साली पायाभरणी झालेल्या सेंट फिलोमिना चर्चचे दोन मनोरे खिडकीतून दिसत. ‘लष्कर’ आणि ‘मोहल्ला’ हे दोन्ही शब्द मराठी माणसाला घरचे वाटतात, आणि कन्नड माणसालाही. दोघांचेही ते मुळातले नव्हेत. पूर्णय्यांच्या कारभारात आणि पुढे इंग्रज कमिशनच्या काळात म्हैसूरच्या सरकारी हिशेबांत मराठी वापरली जात होती, हे येथे लक्षात ठेवले म्हणजे या शहरातील शब्दांची सरमिसळ अनपेक्षित वाटत नाही.

बिऱ्हाडाच्या खाली विद्युत मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळून देण्याचे एक लहानसे दुकान होते. पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी तेथे येत. दुकानाचा मालक साठीच्या पुढचा, शाळा सातवीत सोडलेला. गल्लीतील सर्वजण त्यांना ‘मेस्त्री’ म्हणत. या एका शब्दापासूनच प्रस्तुत निबंधाचा विचार सुरू झाला.

‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला आणि तो थेट लॅटिन ‘मॅजिस्टर’पर्यंत जाऊन पोहोचतो. त्याचा मूळ अर्थ गुरू, शिक्षक, विद्येवर प्रभुत्व असलेला मनुष्य. पश्चिम किनाऱ्यावर उतरून तो कोकणी, मराठी, कन्नड, तमिळ, मल्याळम अशा अनेक भाषांत रुजला, आणि हिंदीतील ‘मिस्त्री’ही त्याच घराण्यातला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवणाऱ्याला ‘मेस्त्री’ म्हणत, म्हणजे तेथे शिक्षकपण काही काळ टिकून राहिले. अन्यत्र मात्र अर्थाचे दोन तुकडे झाले. हात मेस्त्रीकडे राहिला. शिकवण्याचा अधिकार ‘मास्तर’कडे आणि पुढे ‘प्रोफेसर’कडे गेला. मौज अशी की ‘मास्तर’ हा शब्दही त्याच लॅटिन मुळातून, इंग्रजीच्या वाटेने आलेला आहे. एकाच शब्दाची दोन भावंडे एका भाषेत आली आणि त्यांच्यात विद्येची वाटणी झाली. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिकी आणि मेकॅट्रॉनिक्स हाताने कसे शिकवावे, या आज केवळ तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास या वाटणीत दडलेला आहे असे मला वाटते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे अशी अपेक्षा आहे.

पश्चिम भारतात तंत्रशिक्षणाची सुरुवात मोठ्या कामगिरीच्या अपेक्षेने झाली नव्हती. १८५४ साली पुण्यात जो वर्ग निघाला त्याच्या नावातच ‘इंजिनिअरिंग क्लास’ आणि ‘मेकॅनिकल स्कूल’ अशी जोडी होती. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती. पुढे त्याचे महाविद्यालय झाले आणि तेथूनच १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले. मुंबई इलाख्यात नोकरी करून ते म्हैसूरला गेले, १९१२ ते १९१८ या काळात दिवाण झाले आणि १९१७ साली बंगळूरला त्यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुण्यातील शिक्षण म्हैसूर संस्थानात पोहोचले ते असे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि तेथे यंत्ररेखन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊकच आहे. रंगांच्या दृष्टिदोषामुळे चित्रकलेचा नाद सोडावा लागलेला हा मनुष्य यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला, बेळगावात सायकलींचे दुकान चालवू लागला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवून बसला. १९२० साली त्या कारखान्याच्या वसाहतीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नांगराच्या कारखान्याच्या पोटी मराठीतील एक प्रमुख मासिक जन्माला यावे ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात पुष्कळदा केवळ कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातला यंत्र आणि गद्य यांचा संबंध मात्र फारसा तपासला जात नाही.

या सर्वांत आपल्या विषयाला सर्वाधिक जवळचा प्रयोग बडोद्याचा. १८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभे केले. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे देशी भाषेतून शिकवावेत, त्यासाठी पुस्तके आणि परिभाषा तयार करावी असा आग्रह होता. गज्जरांचा मुद्दा साधा होता : कारागिराच्या मुलाला यंत्र समजण्यासाठी आधी परकी भाषा शिकावी लागत असेल तर तो यंत्रापर्यंत पोहोचणारच नाही. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. भारतीय चित्रपटाच्या आरंभी जो मनुष्य उभा आहे तो छायाचित्रण, छपाई आणि यंत्र हाताळणे एकत्र शिकलेला होता, ही गोष्ट मला निव्वळ योगायोगाची वाटत नाही. म्हैसुरात १९१३ साली चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटची देखणी वास्तू उभी राहिली, तीही कलाकुसर आणि तंत्र यांना एका छपराखाली ठेवणारी. ज्या रस्त्यावर ती आहे त्याचे नाव सय्याजी राव रस्ता, आणि मराठी वाचकाला त्या नावाने बडोदा आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे त्या संस्थेतून दृश्यकलांची अकादमी निघाली. लोखंड आणि तार वेगळ्या आवारांत गेली.

वीज या संस्थानात लवकर आली. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले आणि त्याची पहिली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. १९०५ साली बंगळूर उजळले, १९०८ साली म्हैसूर शहर. इलेक्ट्रॉनिकी मात्र निराळ्याच दाराने आली. १९३५ साली म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी वोंटिकोप्पल भागातील आपल्या राहत्या घरातून अवघ्या ३० वॅट शक्तीच्या प्रक्षेपकावर नभोवाणी सुरू केली. ‘आकाशवाणी’ हे नाव या घरगुती केंद्राचे. पुढे ते सबंध देशाच्या नभोवाणीचे झाले. मानसशास्त्राचा अध्यापक विद्युतनलिकांशी झटापट करतो आणि त्या झटापटीतून एक संस्कृत शब्द नवा अर्थ घेऊन बाहेर पडतो, याहून चांगले उदाहरण शब्द आणि हात यांच्या सहवासाचे मला सापडलेले नाही.

मोटारसायकलींचे प्रकरणही या शहराच्या शिक्षणात धरले पाहिजे. १९६१ ते १९९६ या काळात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात आधी जावा आणि पुढे येझदी गाड्या तयार होत. त्या गाड्यांचा सहा व्होल्टचा डायनॅमो आणि प्रज्वलनाचे पॉइंट यांनी शहरातील मेकॅनिकांच्या दोन पिढ्या घडवल्या. पॉइंटांमधील फट किती ठेवायची, ठिणगी कोणत्या क्षणी पडली पाहिजे, हे ठरवताना दट्ट्याची जागा आणि विजेचा प्रवाह यांचा एकत्रच विचार करावा लागतो. हे मेकॅट्रॉनिक्सच होते असे मी म्हणणार नाही, परंतु जे मन त्यासाठी लागते ते रस्त्याच्या कडेला तयार होत होते. महाविद्यालयांत तेव्हा यंत्र विभाग आणि विद्युत विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर बसत. १९४६ साली म्हैसुरात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग निघाली, १९६३ साली श्री जयचामराजेंद्र कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. त्या पिढ्यांतील यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याने कानस, लेथ, ओतकाम, लोहारकाम केले. विजेचा विषय तो पहिल्या-दुसऱ्या वर्षी ‘काढून टाकत’ असे. हा वाक्प्रचार विद्यार्थ्यांचाच आहे. पुण्यात, कोल्हापुरात, म्हैसुरात मी तो सारख्याच समाधानाने उच्चारलेला ऐकला.

‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द १९६९ साली जपानमधील यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतील अभियंता तेत्सुरो मोरी यांनी बनवला. दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून जपानी कारखान्यात तयार झालेला हा शब्द कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला आणि १९८२ साली त्यावरील हक्क सोडून दिला. त्यानंतर तो जगभर फिरला. योगायोग असा की १९६९ हेच वर्ष म्हैसुरात भारतीय भाषांच्या केंद्रीय संस्थेच्या स्थापनेचे. एका टोकाला यंत्राला वीज आणि तर्क जोडणारा शब्द घडत होता. दुसऱ्या टोकाला देशी भाषांना शिक्षणक्षम करण्याची संस्था उभी राहत होती. त्या दोघांची गाठ पडली नाही. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय बेळगावात. त्या विद्यापीठाच्या २०१० सालच्या अभ्यासक्रमात यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘मेकॅट्रॉनिक्स अँड मायक्रोप्रोसेसर’ असा विषय होता आणि त्यात इंटेलच्या ८०८५ या प्रक्रियकाची रचना शिकवली जाई. हा प्रक्रियक १९७० च्या दशकातला. ज्या विद्यार्थ्याने एकदाही डाग देण्याची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, हातात धरलेली नाही त्याने त्या प्रक्रियकाच्या चाळीस पायांची नावे पाठ करावीत, असा तो व्यवहार होता. विजेला स्पर्श न करता विजेविषयी गुण मिळत.

अशाच एका प्रयोगवर्गात मला एकदा बसता आले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्यासारखी पुष्कळ आहेत. बाकावर प्रयोगाची छापील वही होती : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. बहुतेक विद्यार्थ्यांनी निष्कर्ष प्रयोगाच्या आदल्या रात्रीच उतरवून आणला होता. साहित्यप्रकार म्हणून या वहीचा विचार करावासा वाटतो. तिच्यात कर्ता नाही; सर्व काही ‘केले जाते’, ‘जोडले जाते’, ‘आढळून येते’. तिच्यात काळ नाही, कारण शेवट आधीच लिहिलेला आहे. मुख्य म्हणजे तिच्यात चूक नाही. प्रवासवर्णनात वाट चुकणे असते, आत्मचरित्रात पश्चात्ताप असतो, पण प्रयोगवहीत काहीही जळत नाही.

त्या दिवशी मात्र जळले. एक लहान रिले ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने चालू-बंद करायचा होता. रिलेच्या गुंडाळीला समांतर एक डायोड उलट्या दिशेने जोडावा असे वहीत होते. एका गटाने तो अनावश्यक समजून गाळला. चार-पाच वेळा रिले वाजला आणि मग ट्रान्झिस्टर मेला. तरुण अध्यापकाने विद्यार्थ्यांना विचारले, ‘‘फिरते गतिचक्र तुम्ही हाताने एकदम थांबवायला गेलात तर काय होईल?’’ यंत्र शाखेची मुले. सर्वांना उत्तर ठाऊक होते : हात मोडेल. अध्यापक म्हणाला की गुंडाळीतला प्रवाह हे फिरते चाक आहे. ट्रान्झिस्टरने त्याला एकदम अडवले, तेव्हा दाब पुरवठ्याच्या कितीतरी पट चढला. डायोड म्हणजे त्या चाकाला हळूहळू थांबण्यासाठी दिलेली मोकळी वाट. मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसला तो त्या सत्रात पुन्हा दिसला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. अध्यापकाने रूपक वापरले, आणि ते सजावटीचे रूपक नव्हते. वस्तुमान म्हणजे प्रेरकत्व, घर्षण म्हणजे रोध, स्प्रिंग म्हणजे धारित्र : एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही तुलना मॅक्सवेलच्या विचारसरणीतली, आणि तिच्यात दोन्ही बाजूंची समीकरणे अक्षरशः एकाच रूपाची असतात. परंतु १९३३ साली फ्लॉइड फायरस्टोन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक दुसरे भाषांतर सुचवले. बल म्हणजे विद्युतदाब असे न मानता बल म्हणजे प्रवाह असे मानावे. मग वस्तुमान हे प्रेरक न राहता धारित्र ठरते आणि स्प्रिंग हीच प्रेरक होते. समीकरणे याही भाषांतरात जुळतात. फरक असा की दुसऱ्या भाषांतरात यंत्रातील जोडणीची रचना जशीच्या तशी राहते. समांतर ते समांतर, ओळीने ते ओळीने. पहिल्यात हाताला जाणवणारा अर्थ टिकतो, पण रचना उलटते. म्हणजे एकाच मूळ संहितेची दोन निर्दोष भाषांतरे, एक अनुभवाशी निष्ठा ठेवणारे, दुसरे वाक्यरचनेशी. भाषांतराविषयीचा आपला सर्वांत जुना वाद प्रयोगशाळेच्या बाकावर सोडवून दाखवता येतो, किंबहुना सुटत नाही हे दाखवता येते. त्या तरुण अध्यापकाला फायरस्टोन ठाऊक असेल वा नसेल; त्याने नवशिक्यासाठी पहिले भाषांतर निवडले, आणि ते योग्यच निवडले.

परिभाषेचा प्रश्न यानंतर येतो, आधी नव्हे. केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग १९६१ सालचा. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीचे कोश काढले. त्यातले काही शब्द जगले. ‘जनित्र’ जगला. ‘रोहित्र’ तर वृत्तपत्रांत आणि वीज मंडळाच्या पत्रव्यवहारात सर्रास दिसतो. मात्र शेतकरी ‘डीपी जळाली’ असेच म्हणतो. माझ्या दृष्टीने अधिक बोलका शब्द आहे ‘कंडेन्सर’. पाठ्यपुस्तकांनी इंग्रजीतच तो शब्द कधीच टाकून ‘कपॅसिटर’ घेतला, मराठी कोशांनी ‘धारित्र’ दिला. पण लष्कर मोहल्ल्यातील मेस्त्री काय किंवा सांगलीतील पंखेदुरुस्ती करणारा काय, दोघेही पंख्याचा ‘कंडेन्सर’च बदलतात. दुकानाने जुनी इंग्रजी जपून ठेवली आहे, जशी बोलीने जुनी मराठी जपावी. उलट हत्यारांच्या नावांत दोन भाषा अजून स्वतंत्र आहेत : आपला हातोडा तो कन्नडचा ‘सुत्तिगे’, छिन्नी ती ‘उळी’, सांडशी वा पक्कड ती ‘इक्कळ’. लोखंडाच्या कामाला देशी शब्द आहेत कारण ते काम शतकानुशतके घरात होते. विजेच्या कामाला उसने शब्द आहेत, तरीही तेही घरातलेच झाले. परिभाषा समितीने ज्याला ‘अशुद्ध’ म्हणावे असा हा शब्दसंग्रह वस्तूवर बोट ठेवता येईल इतका नेमका आहे. २०२१ साली मराठी, कन्नड आदी भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकवण्यास परवानगी मिळाली तेव्हा पुष्कळ चर्चा पुस्तकांच्या अनुवादावर झाली, दुकानातल्या या शब्दांची आठवण फारशी कोणाला झाली नाही. हे मला चुकीचे वाटते.

मराठीत हात आणि शब्द एकत्र ठेवण्याचा एक दीर्घ प्रयत्न झालेला आहे आणि त्याची नोंद केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग खाद्यतंत्रज्ञ, मोठ्या कंपनीतील संशोधनाचे पद सोडून ते दुष्काळी गावात आले. शाळा सोडलेल्या मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम करता करता त्यामागचे शास्त्र मराठीतून शिकावे, आणि केलेल्या कामाची गावाला किंमत द्यावीशी वाटावी, ही त्यांची पद्धत. गांधींच्या नयी तालीमशी तिचे नाते आहे, पण चरख्याच्या जागी येथे वेल्डिंगचे यंत्र आले. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली, त्या देशाबाहेरच्या अशा सर्वांत आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी ती एक. २००३ साली कलबाग गेले, आश्रम चालू राहिला. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली कलाशाखेच्या, रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिकी सोपी व्हावी म्हणून आर्डुइनो हे लहान नियंत्रक फलक तयार झाले, त्याची कीर्ती सर्वत्र आहे, आणि यंत्र शाखेच्या वर्गांतही आज ते पोहोचले आहे. पाबळच्या कल्पनेत आणि इव्रेआच्या कल्पनेत एक साम्य स्पष्ट दिसते : आधी दिवा लागू दे, मोटार फिरू दे, ओहमचा नियम त्या दिव्याच्या उजेडात वाचता येईल. एक खेड्यातील शाळा सोडलेल्या मुलासाठी, दुसरी युरोपातील कलावंतासाठी. मधला यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी दोघांनाही आरंभी दिसला नव्हता.

म्हैसूर सोडण्यापूर्वी मी खालच्या दुकानात बराच वेळ घालवू लागलो. जळालेली मोटार आली की मेस्त्री ती घाईने उकलत नसत. खाचा मोजत, गुंडाळी कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत गेली ते रेघांनी काढून घेत, मग एक वेटोळे कापून त्यातील तारा एकेक करून मोजत, लाखेचा थर खरवडून तारेची जाडी मापत. नष्ट झालेल्या संहितेच्या अवशेषांवरून मूळ पाठ निश्चित करण्याची ही पद्धत पाठचिकित्सेच्या कोणत्याही अभ्यासकाला ओळखू येईल. त्यांच्याजवळ या कामाच्या अनेक वह्या होत्या, सर्वांत जुनी तीसेक वर्षांपूर्वीची. प्रत्येक पानावर एक मोटार : अश्वशक्ती, खाचा, वेढे, तारेचा क्रमांक आणि एक वर्तुळाकार आकृती. शब्द जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते कन्नड लिपीत लिहिलेले इंग्रजी आणि फारसी. त्याच प्रयोगवर्गातील दोन विद्यार्थी, मी सांगितल्यावरून, शनिवारी तेथे येऊ लागले होते. त्यांतील एकाने विचारले की काही पानांच्या कोपऱ्यात लाल फुली आहे ती कसली.

मेस्त्री म्हणाले, ‘‘त्या मी चुकीच्या भरल्या होत्या. दोनदा भराव्या लागल्या.’’ मग त्यांनी एक फुलीचे पान काढून, चूक कोणत्या खाचेत झाली होती ते त्या मुलाला बोटाने दाखवले.